सौरसदृश तारे

सौरसदृश तारे म्हणजे वस्तुमान, पृष्ठीय तापमान, रासायनिक घटना, वय इत्यादी भौतिक गुणधर्मांच्या बाबतीत सूर्याशी कमीअधिक प्रमाणात साम्य असणारे तारे होत. साम्याच्या प्रमाणानुसार या ताऱ्यांचे सौरप्रकारी तारे, सौरसम तारे आणि सौरजुळे असे तीन गट केले जातात. पहिला गट सर्वांत व्यापक असून तिसरा सर्वांत काटेकोर आहे. प्रत्येक सौरजुळा हा सौरसम तारा असतो आणि प्रत्येक सौरसम तारा हा सौरप्रकारी असतो. याच्या उलट विधान मात्र खरे नसते.

सूर्य हा पृथ्वीला सर्वांत जवळचा आणि सर्वाधिक तपशिलात अभ्यासलेला तारा आहे. परंतु एकाच ताऱ्याच्या अभ्यासातून तो तारा सामान्य आहे की अपवादात्मक, हे ठरवता येत नाही. त्यासाठी त्याच्यासारखे इतर तारे शोधून त्यांच्याशी तुलना करावी लागते. सूर्याचा भूतकाळ व भविष्यकाळ, त्याच्या सक्रियतेतील चढउतार, ग्रहमालेची निर्मिती आणि पृथ्वीसारख्या ग्रहांचा शोध या सर्व प्रश्नांशी सौरसदृश ताऱ्यांचा अभ्यास निगडित आहे.

## तुलनेचा आधार : सूर्य

सूर्य हा जी२व्ही या वर्णपटीय प्रकारचा मुख्य अनुक्रमातील तारा आहे. यातील 'जी२' हा भाग तापमान दर्शवतो, तर रोमन पाच हा अंक (व्ही) तारा आपल्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर करण्याच्या अवस्थेत असल्याचे दर्शवतो. तुलनेसाठी सूर्याची पुढील मूल्ये वापरली जातात :

* पृष्ठीय (परिणामी) तापमान : ५,७७२ केल्व्हिन
* त्रिज्या : ६,९५,७०० किलोमीटर
* वस्तुमान : सुमारे १.९८९ × १०^३० किलोग्रॅम
* वय : सुमारे ४.६ अब्ज वर्षे
* निरपेक्ष दृश्य प्रत : ४.८३
* विषुववृत्तावरील परिवलनकाल : सुमारे २५ दिवस
* सक्रियतेचे चक्र : सरासरी ११ वर्षे

सूर्याच्या परिसरातील मुख्य अनुक्रमी ताऱ्यांपैकी जी प्रकारचे तारे सुमारे ७ टक्के आहेत. बहुसंख्य तारे सूर्यापेक्षा लहान, थंड आणि मंद असे तांबडे बटुतारे आहेत. म्हणून 'सूर्य हा एक सर्वसाधारण तारा आहे' हे प्रचलित विधान सावधपणे घ्यावे लागते. वस्तुमानाच्या क्रमवारीत सूर्य बहुतेक ताऱ्यांच्या वर आहे.

## वर्गीकरण

### सौरप्रकारी तारे

सर्वसाधारणपणे एफ८व्ही ते के२व्ही या दरम्यानचे मुख्य अनुक्रमी तारे सौरप्रकारी मानले जातात. त्यांचा निळा-दृश्य रंगनिर्देशांक साधारणपणे ०.४८ ते ०.८० या मर्यादेत असतो. अशा ताऱ्यांच्या बाह्य थरांत संवहन होत असते. परिवलन आणि संवहन यांच्या एकत्रित परिणामाने त्यांच्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि वयानुसार त्यांचे परिवलन मंदावत जाऊन चुंबकीय सक्रियताही घटते. टाऊ सेटी हा या गटातील एक परिचित तारा आहे.

### सौरसम तारे

या गटातील ताऱ्याचे तापमान सूर्याच्या तापमानापेक्षा ५०० केल्व्हिनहून अधिक भिन्न नसावे, त्यातील जड मूलद्रव्यांचे प्रमाण सूर्याच्या निम्मे ते दुप्पट या मर्यादेत असावे आणि त्याला अगदी निकटचा सहचर तारा नसावा, असे निकष सामान्यतः लावले जातात. निकटच्या सहचराच्या गुरुत्वाकर्षणामुळे ताऱ्याचे परिवलन वेगवान राहते आणि त्याची सक्रियता कृत्रिमरीत्या वाढते. म्हणून ही अट घातली जाते.

### सौरजुळे

सौरजुळे हे सूर्याशी जवळजवळ तंतोतंत जुळणारे तारे होत. त्यांचे तापमान सूर्याच्या सुमारे ५० केल्व्हिनच्या आत, धातुप्रमाण सुमारे १२ टक्क्यांच्या आत आणि वय सुमारे १ अब्ज वर्षांच्या आत असावे, तसेच त्यांना सहचर तारा नसावा, अशी काटेकोर व्याख्या केली जाते. प्रत्यक्ष संशोधनात मात्र अनेकदा तापमानासाठी १०० केल्व्हिन, आणि पृष्ठीय गुरुत्व व धातुप्रमाण यांसाठी लॉगरिथमी मापनश्रेणीवर ०.१ एवढी मर्यादा घेतली जाते आणि वयाची अट सोडून दिली जाते. त्यामुळे एकच तारा एका यादीत सौरजुळा, तर दुसरीत केवळ सौरसम म्हणून आढळू शकतो.

सर्व बाबतींत सूर्यासारखाच असलेला, म्हणजे मापनातील त्रुटींच्या मर्यादेत सूर्यापासून वेगळा न ओळखता येणारा 'परिपूर्ण सौरजुळा' अद्याप सर्वमान्य झालेला नाही. मापने जसजशी अचूक होतात, तसतसे पूर्वी एकसारखे भासलेले तारे वेगळे दिसू लागतात.

## साम्याचे निकष

तापमान : ताऱ्याचा रंग आणि त्याच्या वर्णपटातील शोषणरेषांची तीव्रता यांवरून तापमान काढले जाते. विशिष्ट तापमानाला कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू आयनीभूत असतील, हे मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेल्या समीकरणावरून कळते. वर्णपट आणि तापमान यांतील संबंधाला भौतिकीचा पाया या समीकरणामुळे मिळाला.

धातुप्रमाण : खगोलशास्त्रात हायड्रोजन व हेलियम वगळता सर्व मूलद्रव्यांना 'धातू' म्हणण्याचा प्रघात आहे. ताऱ्यातील लोहाचे हायड्रोजनशी असलेले गुणोत्तर सूर्याच्या तुलनेत लॉगरिथमी पद्धतीने सांगितले जाते. या मापनश्रेणीवर सूर्याचे मूल्य ० आहे, +०.३ म्हणजे सूर्याच्या सुमारे दुप्पट आणि −०.३ म्हणजे सुमारे निम्मे.

पृष्ठीय गुरुत्व, त्रिज्या व वस्तुमान : तापमान सारखे असूनही तारा सूर्यापेक्षा पुष्कळ मोठा असू शकतो. वर्णरेषांची रुंदी, ताऱ्याचे अंतर व तेजस्विता, ताऱ्याची कंपने, तसेच व्यतिकरणमापन यांच्या साहाय्याने ही मूल्ये ठरवली जातात.

वय : वय ठरवणे हा या अभ्यासातील सर्वांत अवघड भाग आहे. मुख्य अनुक्रमातील तारा अब्जावधी वर्षे फारसा बदलत नसल्यामुळे सैद्धांतिक प्रतिमानांवरून मिळणाऱ्या वयात मोठी अनिश्चितता राहते. परिवलनाचा वेग, कॅल्शियमच्या रेषांमधील उत्सर्जन, लिथियमचे प्रमाण आणि इट्रियम व मॅग्नेशियम यांचे परस्पर गुणोत्तर ही वयनिश्चितीची पूरक साधने आहेत.

लिथियम : संवहनामुळे ताऱ्याच्या बाह्य थरांतील द्रव्य खोलवर जाते. सुमारे २५ लाख केल्व्हिन तापमानाला लिथियमचे अणू अणुकेंद्रीय प्रक्रियांत नष्ट होतात. उल्कापाषाणांत आढळणाऱ्या मूळ प्रमाणाच्या तुलनेत सूर्याच्या पृष्ठभागावर लिथियम सुमारे १६० पट कमी आहे. त्यामुळे इतर सर्व बाबतींत सूर्यासारखा असलेला तारा लिथियमच्या कसोटीवर मात्र बाजूला पडू शकतो.

चुंबकीय सक्रियता : ताऱ्यावरील डाग, ज्वाला आणि वर्णगोलातील उत्सर्जन यांवरून सक्रियता मोजली जाते. यासाठी आयनीभूत कॅल्शियमच्या 'एच' व 'के' या रेषा (अनुक्रमे ३९६.८ व ३९३.४ नॅनोमीटर) विशेष उपयुक्त आहेत.

## तुलनेची पद्धत

सूर्य आणि इतर तारे यांची तुलना करण्यातील मुख्य अडचण सूर्याची प्रखरता ही आहे. सूर्याची दृश्य प्रत −२६.७४ आहे. ५.५ प्रतीच्या, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्या तुलनेत पृथ्वीवरून सूर्य सुमारे ८ लाख कोटी पट तेजस्वी दिसतो. ताऱ्यांसाठी बनवलेल्या दुर्बिणीने सूर्याकडे थेट पाहता येत नाही, आणि सूर्याचा प्रकाश बिंदूतून नव्हे तर विस्तृत बिंबातून येतो. याच कारणामुळे सूर्याचा रंगनिर्देशांक दीर्घकाळ वादग्रस्त राहिला. २०१२ मध्ये अनेक सौरजुळ्यांच्या रंगांवरून उलट गणित करून तो ०.६५३ असा काढण्यात आला. सूर्याचा रंग ठरवण्यासाठी इतर ताऱ्यांचा आधार घ्यावा लागला, हे या शाखेचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

या अडचणीवर मात करण्यासाठी चंद्र, व्हेस्टा व सेरेस यांसारख्या पिंडांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश त्याच दुर्बिणीने आणि त्याच वर्णपटमापकाने नोंदवला जातो. त्यानंतर ताऱ्याच्या वर्णपटातील प्रत्येक रेषेची सूर्याच्या वर्णपटातील त्याच रेषेशी तुलना केली जाते. दोन्ही तारे अत्यंत सारखे असल्यामुळे अणुविषयक माहितीतील आणि वातावरणाच्या प्रतिमानांतील त्रुटी दोहोंकडे सारख्याच येतात व वजाबाकीत निघून जातात. या भेदमूलक विश्लेषण पद्धतीने मूलद्रव्यांचे सापेक्ष प्रमाण २ ते ३ टक्क्यांपर्यंत अचूक काढता येते.

## संशोधनाचा इतिहास

तारे म्हणजे दूरचे सूर्य होत, असा विचार सोळाव्या शतकात जोर्दानो ब्रुनो यांनी मांडला होता. क्रिस्तियान हायगेन्स यांनी व्याध हा तारा सूर्याइतकाच तेजस्वी आहे असे गृहीत धरून त्याचे अंतर सूर्याच्या अंतराच्या २७,६६४ पट असल्याचे अनुमान काढले. त्यांच्या मृत्यूनंतर १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते आले आहे. प्रत्यक्षात व्याध सूर्यापेक्षा सुमारे २५ पट तेजस्वी आहे, आणि हे अंतर खऱ्या अंतराच्या सुमारे विसाव्या भागाइतके भरले. पद्धत योग्य असली तरी निवडलेला तारा सूर्यासारखा नव्हता.

एकोणिसाव्या शतकात वर्णपटाच्या अभ्यासामुळे ताऱ्यांच्या स्वरूपाची प्रत्यक्ष तुलना शक्य झाली. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६० च्या दशकात ताऱ्यांचे वर्णपटानुसार गट पाडले आणि ब्रह्महृदय व स्वाती या ताऱ्यांना सूर्याच्याच गटात ठेवले. हे दोन्ही तारे वस्तुतः राक्षसी अवस्थेत गेलेले आहेत, हे पुढे स्पष्ट झाले. हार्वर्ड वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी विकसित केलेले तापमानाधारित वर्गीकरण आणि १९४३ मध्ये मॉर्गन, कीनन व केलमन यांनी त्याला दिलेली तेजस्वितेच्या वर्गांची जोड यांमुळे सूर्याचे जी२व्ही हे स्थान निश्चित झाले.

सूर्याशी तंतोतंत जुळणाऱ्या ताऱ्यांचा पद्धतशीर शोध १९७० च्या दशकात सुरू झाला. योहानेस हार्डोर्प यांनी १९७८ मध्ये निकट-अतिनील वर्णपटाच्या तुलनेतून सूर्यापासून वेगळे न ओळखता येणारे काही मोजके तारे सुचवले. हंस तारकासमूहातील १६ सिग्नी बी हा त्यांपैकी एक होता. फ्रान्समधील जिउसा कायरेल द स्त्रोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ पासून 'खऱ्या' सौरजुळ्यांचा शोध चालवला आणि सूर्याशी साम्य केवळ वर्णपटाच्या रूपावरून नव्हे तर सर्व भौतिक राशींवरून ठरवले पाहिजे, असा आग्रह धरला.

हिप्पार्कोस या यूरोपीय उपग्रहाने मोजलेली ताऱ्यांची अंतरे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेजस्वितेची तुलना अचूक झाली. त्याच वर्षी ब्राझीलमधील गुस्ताव्हो पोर्तो द मेलो आणि लिसिओ दा सिल्व्हा यांनी १८ स्कॉर्पी हा तोपर्यंतचा सूर्याशी सर्वाधिक जुळणारा तारा असल्याचे दाखवले. २००७ मध्ये होर्हे मेलेंदेझ आणि इव्हान रामिरेझ यांनी एचआयपी ५६९४८ या ताऱ्याची नोंद केली. गाइया उपग्रहाच्या तिसऱ्या माहितीसंचातून २०२२ मध्ये सूर्याशी साम्य असणाऱ्या ५,८६३ ताऱ्यांची निवडक यादी तयार करण्यात आली.

## उल्लेखनीय सौरसदृश तारे

पुढील तक्त्यातील मूल्ये पूर्णांकित असून निरनिराळ्या अभ्यासांत ती थोडीफार वेगळी आढळतात.

| तारा | तारकासमूह | अंतर (प्रकाशवर्षे) | तापमान (केल्व्हिन) | धातुप्रमाण | वय (अब्ज वर्षे) |
|---|---|---|---|---|---|
| सूर्य | – | – | ५,७७२ | ० | ४.६ |
| १८ स्कॉर्पी | वृश्चिक | ४६ | ५,८१५ | +०.०५ | ३ ते ४ |
| एचआयपी ५६९४८ | कालेय | २०० | ५,७९५ | +०.०२ | ३.५ |
| एचआयपी १०२१५२ | मकर | २५० | ५,७२० | −०.०१ | ८.२ |
| १६ सिग्नी बी | हंस | ६९ | ५,७५० | +०.०५ | ७ |
| अल्फा सेंटॉरी ए | नरतुरंग | ४.३७ | ५,७९० | +०.२ | ५ ते ६ |
| ५१ पेगासी | महाश्व | ५० | ५,७९० | +०.२ | ६ |

१८ स्कॉर्पी हा नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणारा सौरजुळा आहे. व्यतिकरणमापनाने काढलेली त्याची त्रिज्या सूर्याच्या १.०१ पट आणि कंपनांच्या साहाय्याने काढलेले वस्तुमान सुमारे १.०२ पट आहे. त्यातही सूर्यासारखे सक्रियतेचे चक्र आढळते. मात्र त्याचा कालावधी सुमारे ७ वर्षांचा आहे. त्यातील लिथियम सूर्याच्या सुमारे तिप्पट असून तो सूर्यापेक्षा तरुण आहे.

एचआयपी ५६९४८ या ताऱ्याचे लिथियमही सूर्याप्रमाणे कमी आहे. सूर्यातील लिथियमचा अभाव हा अपवाद नसून वयानुसार होणाऱ्या ऱ्हासाचा भाग आहे, या मताला या ताऱ्यामुळे बळ मिळाले.

एचआयपी १०२१५२ याचे वय सूर्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. २०१३ मध्ये चिलीतील अतिविशाल दुर्बिणीच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात १८ स्कॉर्पी, सूर्य आणि हा तारा अशा चढत्या वयाच्या क्रमाने लिथियम घटत गेल्याचे दिसून आले.

१६ सिग्नी ही त्रैती ताऱ्यांची प्रणाली आहे. तिच्यातील ए व बी हे दोन्ही तारे सूर्यासारखे असून एकाच द्रव्यापासून एकाच वेळी बनलेले आहेत. तरीही ए मध्ये लिथियम बी पेक्षा ४ पटींहून अधिक आहे, आणि ज्ञात ग्रह केवळ बी भोवती आहे. ग्रहांची निर्मिती किंवा ताऱ्याने ग्रह गिळणे यांमुळे ताऱ्याच्या पृष्ठभागाची रासायनिक घटना बदलते का, या प्रश्नाच्या चर्चेत या जोडीचा वारंवार उल्लेख येतो.

अल्फा सेंटॉरी ए (मित्र) हा सूर्याला सर्वांत जवळचा जी२व्ही प्रकारचा तारा आहे. परंतु त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.१ पट, त्रिज्या सुमारे १.२२ पट आणि धातुप्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आहे. त्याचा सहचर अल्फा सेंटॉरी बी सुमारे ८० वर्षांत परस्परकक्षा पूर्ण करतो. त्यामुळे वर्णपटीय प्रकार सारखा असूनही त्याला सौरजुळा म्हणत नाहीत.

टाऊ सेटी हा ११.९ प्रकाशवर्षांवरील जी८व्ही प्रकारचा तारा एकटा व शांत आहे. परंतु त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.७८ पट आणि धातुप्रमाण सूर्याच्या सुमारे एकतृतीयांश आहे. म्हणून तो सौरप्रकारी असला तरी सौरसम ठरत नाही.

वायबीपी ११९४ हा कर्क तारकासमूहातील एम६७ या तारकागुच्छातील सौरजुळा आहे. या गुच्छाचे वय सुमारे ४ अब्ज वर्षे असून त्याची रासायनिक घटना सूर्यासारखी आहे. २०१४ मध्ये या ताऱ्याभोवती सुमारे ७ दिवसांत प्रदक्षिणा करणारा ग्रह सापडल्याचे जाहीर झाले.

## सूर्य सामान्य की असामान्य?

### रासायनिक घटना

मेलेंदेझ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सूर्याची ११ सौरजुळ्यांशी तुलना केली. लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम यांसारखी उच्च तापमानाला घनरूप होणारी मूलद्रव्ये सूर्यात कार्बन, ऑक्सिजन यांसारख्या बाष्पनशील मूलद्रव्यांच्या तुलनेत सुमारे २० टक्के कमी असल्याचे त्यांना आढळले. नंतर अधिक ताऱ्यांवर झालेल्या अभ्यासांतही बहुतांश सौरजुळ्यांच्या तुलनेत सूर्याचा हा वेगळेपणा कायम राहिला.

या न्यूनतेची अनेक स्पष्टीकरणे सुचवली गेली आहेत. पहिल्या स्पष्टीकरणानुसार हे द्रव्य पृथ्वीसारखे खडकाळ ग्रह व लघुग्रह बनण्यात अडकले. पृथ्वीच्या सुमारे ४ पट वस्तुमानाचे खडकाळ द्रव्य सूर्याच्या संवहन पट्ट्यात मिसळल्यास ही तूट भरून निघते, असे गणित मांडण्यात आले. दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार गुरू ग्रहाच्या निर्मितीमुळे आदिग्रहीय तबकडीत पडलेल्या फटीने धुळीला आत सरकण्यापासून रोखले आणि सूर्यात तुलनेने धूळविरहित वायू पडला. आकाशगंगेतील रासायनिक उत्क्रांती, म्हणजेच ताऱ्याचे वय आणि जन्मस्थान, यांचाही यात वाटा असू शकतो. कोणतेही एक स्पष्टीकरण अद्याप सर्वमान्य नाही.

### चुंबकीय सक्रियता

ओलिन विल्सन यांनी १९६६ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत कॅल्शियमच्या रेषांचे दीर्घकालीन निरीक्षण सुरू केले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १११ ताऱ्यांच्या निष्कर्षांत काही ताऱ्यांत सूर्यासारखी नियमित चक्रे, काहींत अनियमित बदल, तर काहींत जवळजवळ स्थिर पातळी आढळली. सूर्याच्या बाजूने या तुलनेला तमिळनाडूतील कोडईकनाल वेधशाळेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून जमा झालेल्या कॅल्शियम-के छायाचित्रांचा मोठा आधार आहे.

केप्लर दुर्बीण आणि गाइया यांच्या माहितीवर आधारित २०२० मधील अभ्यासात सूर्यासारखे तापमान, वय व परिवलनकाल असलेल्या ३६९ ताऱ्यांच्या प्रकाशातील बदल सूर्याच्या तुलनेत सरासरी सुमारे ५ पट आढळले. याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक म्हणजे सूर्यात आणि या ताऱ्यांत काही मूलभूत फरक असावा. किंवा सूर्य सध्या शांत अवस्थेत असून त्याची सक्रियता कधीतरी वाढू शकते. ज्या ताऱ्यांचा परिवलनकाल मोजता आला नाही, त्यांची सक्रियता मात्र सूर्यासारखीच होती.

### महाज्वाला

सूर्यावर प्रत्यक्ष निरीक्षण झालेल्या सर्वांत मोठ्या ज्वालांची ऊर्जा सुमारे १०^३२ अर्ग असते. त्याहून किमान १० पट शक्तिशाली उद्रेकांना महाज्वाला म्हणतात. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी केप्लरच्या १२० दिवसांच्या माहितीतून १४८ सौरप्रकारी ताऱ्यांवरील ३६५ महाज्वालांची नोंद केली. त्यांपैकी अनेक तारे वेगाने फिरणारे व तरुण होते. २०२४ मध्ये ५६,४५० सूर्यासारख्या ताऱ्यांच्या अभ्यासात २,५२७ ताऱ्यांवर एकूण २,८८९ महाज्वाला आढळल्या. त्यावरून अशा ताऱ्यावर सरासरी शंभर वर्षांतून एकदा महाज्वाला होते, असा अंदाज मांडण्यात आला. हा दर सूर्याला जसाच्या तसा लागू पडतो का, हा वादाचा विषय आहे. लागू पडत असल्यास उपग्रह, वीजवाहिन्या आणि दळणवळण यंत्रणा यांच्या दृष्टीने तो गंभीर ठरेल.

## सूर्याचा भूतकाळ आणि भविष्यकाळ

निरनिराळ्या वयांचे सौरसम तारे क्रमाने मांडल्यास सूर्याचे जीवनचरित्र तयार होते. 'काळाच्या ओघातील सूर्य' या संकल्पनेवर आधारित संशोधनप्रकल्पात याच पद्धतीचा अवलंब करण्यात आला. सुमारे १० कोटी वर्षे वयाचा ईके ड्रेकोनिस ३ दिवसांहूनही कमी काळात स्वतःभोवती फिरतो. सुमारे ३० प्रकाशवर्षांवरील काप्पा-१ सेटी हा तरुण तारा सुमारे ९ दिवसांत परिवलन पूर्ण करतो. सूर्यही तारुण्यात असाच वेगाने फिरत असावा आणि त्याचे क्ष-किरण उत्सर्जन आजच्या शेकडो पट असावे, असे यावरून दिसते. या किरणोत्सर्गाचा मंगळ, शुक्र आणि पृथ्वी यांच्या आदिम वातावरणांवर मोठा परिणाम झाला असणार.

याच्या उलट तरुण सूर्याची एकूण तेजस्विता आजच्या सुमारे ७० टक्केच होती. तरीही त्या काळी पृथ्वीवर द्रवरूप पाणी असल्याचे पुरावे मिळतात. हा विरोधाभास 'मंद तरुण सूर्याचा विरोधाभास' म्हणून ओळखला जातो.

मुख्य अनुक्रमातील वास्तव्यात सूर्याची तेजस्विता दर अब्ज वर्षांत सुमारे १० टक्क्यांनी वाढत जाते. एचआयपी १०२१५२ सारख्या वृद्ध सौरजुळ्यांवरून आणखी सुमारे साडेतीन अब्ज वर्षांनंतरच्या सूर्याची कल्पना करता येते.

## बाह्यग्रह आणि जीवसृष्टीचा शोध

जीवसृष्टी असल्याचे ज्ञात असलेला एकमेव ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरतो. त्यामुळे परग्रहावरील जीवसृष्टीच्या शोधात सौरसदृश ताऱ्यांना आरंभापासून प्राधान्य मिळाले. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथे ओझ्मा प्रकल्प राबवला आणि टाऊ सेटी व एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडून १,४२० मेगाहर्ट्झच्या आसपास कृत्रिम रेडिओ संकेत येतात का, हे तपासले. २००३ मध्ये मार्गारेट टर्नबुल व जिल टार्टर यांनी जीवसृष्टीस अनुकूल ठरू शकतील अशा १७,१२९ ताऱ्यांची सूची तयार केली.

१९९५ मध्ये मिशेल मायोर व दिदिए केलोझ यांनी ५१ पेगासी भोवती ४.२ दिवसांत फिरणारा ग्रह शोधला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती निश्चितपणे आढळलेला हा पहिला ग्रह होय. या शोधासाठी दोघांना २०१९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. गुरूच्या जवळपास निम्म्या वस्तुमानाचा हा ग्रह ताऱ्याच्या इतक्या निकट असणे अनपेक्षित होते. आपली ग्रहमाला हाच सर्वत्र आढळणारा नमुना आहे, हा समज त्यामुळे मोडला.

आपल्या ग्रहमालेशी साम्य दाखवणारी उदाहरणेही मिळाली आहेत. तिमिंगल तारकासमूहातील एचआयपी ११९१५ या सौरजुळ्याभोवती २०१५ मध्ये गुरूएवढ्या वस्तुमानाचा आणि सुमारे १० वर्षे कक्षाकाल असलेला ग्रह सापडला. गुरूचे स्थान पृथ्वीसारख्या आतल्या ग्रहांच्या स्थैर्याच्या दृष्टीने महत्त्वाचे मानले जात असल्यामुळे ही प्रणाली लक्षवेधी ठरली. त्याच वर्षी जाहीर झालेला केप्लर-४५२बी हा पृथ्वीच्या सुमारे १.६ पट त्रिज्येचा ग्रह जी२ प्रकारच्या ताऱ्याभोवती ३८५ दिवसांत फिरतो, असे सांगण्यात आले. तथापि त्याचा संकेत अत्यंत क्षीण असल्यामुळे २०१८ मधील एका विश्लेषणाने त्याच्या निश्चितीबद्दल शंका उपस्थित केली. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याला वर्षभरात केवळ ९ सेंटिमीटर प्रतिसेकंद एवढ्या वेगाने हेलकावतो. ताऱ्याच्या पृष्ठभागावरील हालचाली याहून कितीतरी मोठ्या असल्याने अशा ग्रहांचा शोध कठीण ठरतो.

## सौरभावंडे

सौरजुळे आणि सौरभावंडे यांत फरक आहे. सूर्य ज्या तारकागुच्छात जन्मला त्याच गुच्छात जन्मलेल्या ताऱ्यांना सौरभावंडे म्हणतात. भावंडाचे वय व रासायनिक घटना सूर्यासारखी असते, परंतु वस्तुमान वेगळे असू शकते. शौरी तारकासमूहातील एचडी १६२८२६ हा सुमारे ११० प्रकाशवर्षांवरील तारा २०१४ मध्ये सौरभावंड म्हणून सुचवण्यात आला. त्याचे वस्तुमान सूर्यापेक्षा सुमारे १५ टक्के अधिक असल्यामुळे तो सौरजुळा नाही.

## उपयोग

लघुग्रह, धूमकेतू व उपग्रह हे परावर्तित सूर्यप्रकाशाने चमकतात. त्यांच्या पृष्ठभागावरील खनिजांची माहिती मिळवण्यासाठी त्यांच्या वर्णपटातून सूर्याचा वर्णपट वेगळा काढावा लागतो. सूर्याचे थेट निरीक्षण त्याच उपकरणाने शक्य नसल्याने त्या रात्री आकाशात असलेल्या एखाद्या सौरसम ताऱ्याचा वर्णपट प्रमाण म्हणून वापरला जातो. १६ सिग्नी बी तसेच रोहिणीजवळील हायडीज गुच्छातील एचडी २८०९९ हे तारे यासाठी वापरले जातात.

## महाराष्ट्र व गोव्यातून निरीक्षण

अल्फा सेंटॉरी हा जोडतारा मे व जून महिन्यांत रात्रीच्या पूर्वार्धात दक्षिण क्षितिजाजवळ दिसतो. मुंबईच्या अक्षांशावरून त्याची कमाल उंची सुमारे १० अंश, तर पणजीहून सुमारे १४ अंश असते. टाऊ सेटी (प्रत ३.५) डिसेंबरच्या आरंभी रात्री ९ च्या सुमारास मध्यमंडलावर येतो आणि शहराबाहेरून नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतो. ५१ पेगासी हा पूर्वा भाद्रपदा नक्षत्राच्या दोन ठळक ताऱ्यांच्या साधारण मध्यावर, किंचित पश्चिमेला आहे. १८ स्कॉर्पी हा वृश्चिकाच्या उत्तर टोकाला, भुजंगधारीच्या सीमेजवळ आहे. शेवटच्या दोन्ही ताऱ्यांची प्रत सुमारे ५.५ असल्याने ते पाहण्यासाठी काळोखे आकाश किंवा साधी द्विनेत्री लागते.

## हेही पाहा

* सूर्य
* मुख्य अनुक्रम
* ताऱ्यांचे वर्णपटीय वर्गीकरण
* बाह्यग्रह
* वासयोग्य पट्टा
* आदित्य-एल१